नसलेला चौकोन

खोका खिडकीत उघडा पडला होता. झाकण बाजूला काढून ठेवलेलं, आणि आतल्या स्लाइड्सवर सकाळचं कोरडं ऊन.

काजवी दारातच थबकली. मग धावत जाऊन तिने झाकण लावलं आणि खोका पोटाशी धरला. आता धरून काय उपयोग? त्या स्लाइड्स फ्रिजमध्ये, अंधारात जपायच्या असतात. त्यांच्यावरचा डाय, म्हणजे रंग, मायक्रोस्कोपच्या लेझरखाली हिरवागार चमकतो, पण उन्हात ठेवला की उडून जातो. एकदा उडालेला डाय परत येत नाही.

“वा!” मागून टाळी वाजली. “नेमकी आजच स्लाइड्सना ऊन दाखवायची बुद्धी झाली?”

हा जावईबापू. प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा जावई आणि इथला सीनियर संशोधक. हे टोपणनाव त्याच्या पाठीमागेच घेतलं जाई, आणि आपल्याला ते माहीत नाही असं तो नेटाने दाखवत असे.

“मी नाही ठेवला इथे,” काजवी म्हणाली. “काल फ्रिजमध्ये ठेवून कुलूप लावून गेले होते.”

“मला कशाला सांगतेस? समितीला सांग. दुपारी येतेच आहे.”

समिती येणार होती ती त्याच्याच तक्रारीवरून. उंदराच्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, असं सगळी पुस्तकं सांगतात. काजवीने एक औषध वापरून पाहिलं आणि तिच्या फोटोत त्या पेशी परत उगवलेल्या दिसल्या, रांगेने, चमकत. जावईबापूने लिहून दिलं की फोटो बनावट आहे. ते सिद्ध झालं असतं तर तिची पदवी गेली असती आणि कुठल्याच प्रयोगशाळेने तिला पुन्हा दारात उभं केलं नसतं. प्रयोगातले उंदीर आता नव्हते. औषध संपलं होतं, त्या कानांचे काप काढून संपले होते. ती खरं बोलते हे सांगायला जगात फक्त त्या स्लाइड्स होत्या.

समिती आली. तिने हिरवा डाय शोधला. सगळ्या स्लाइड्सवर मिट्ट काळोख. पुरावा आरोपीच्याच ताब्यात होता आणि आरोपीच्याच टेबलामागच्या खिडकीत विझला, असं म्हणून सदस्य चहा घ्यायला गेले. त्यातल्या एकानेही तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

संस्थेच्या संचालकांना मात्र हे प्रकरण फार सोयीचं वाटलं. सोयीच्या गोष्टींची त्यांना धास्ती होती. त्यांनी बाहेरून एक तपासनीस बाई बोलावल्या.

बाईंनी आयुष्य जळितं तपासण्यात घालवलं होतं. विमा कंपनीसाठी जळक्या गोदामांत काठी घेऊन फिरायचं, आणि आग लागली की लावली, ते सांगायचं. त्यांना विज्ञान येत नव्हतं आणि माणसं आवडत नव्हती. आल्या आल्या त्यांनी काजवीला समोर बसवलं.

“फ्रिजची किल्ली कुणाकुणाकडे?”

“माझ्याकडे. सरांकडे, त्यांच्या जावयाकडे आणि मायक्रोस्कोपवाल्या ताईंकडे.”

“म्हणजे सगळ्यांकडे. ही किल्ली नव्हे, प्रसाद झाला. खोक्यात काय होतं?”

“वरच्या रांगेत मेन स्लाइड्स. खालच्या रांगेत कंट्रोल.”

“कंट्रोल म्हणजे काय ते सरळ भाषेत सांगा.”

काजवीने सुस्कारा टाकला. दिवसभर तिला सगळे जण जड शब्दांत शिव्या देत होते. सरळ भाषा मागणारी ही पहिलीच. “प्रत्येक स्लाइडची जुळी बहीण. कान मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्याचे पातळ काप काढतात. एका कापाला निळा आणि हिरवा असे दोन्ही डाय लावायचे. शेजारच्या कापाला फक्त निळा, ती कंट्रोल. निळा कुठल्याही पेशीला लागतो. हिरवा फक्त ऐकण्याच्या पेशींना. कंट्रोल हिरवी चमकली तर समजायचं, आपलंच काहीतरी चुकलंय.”

“फोटो बनावट आहे?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काही वाटून घ्यायला बोलावलेलं नाही.”

“मग तुम्ही एकट्याच,” काजवीचा आवाज फाटला. “बाकी सगळ्यांना वाटून झालंय. काल आईनेही फोनवर विचारलं, केलंस का गं तू खरंच? सख्ख्या आईने!”

बाईंनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि उठल्या. त्यांच्या हिशेबी हे पुष्कळ झालं.

मायक्रोस्कोपची खोली काळ्या पडद्यांनी भर दिवसा अंधारी केलेली होती. तिथलं राज्य ताईचं. ताई म्हणजे सरांची मुलगी आणि जावईबापूची बायको, पण त्या खोलीत तिला ना बाप होता ना नवरा.

“बूट बाहेर,” ती म्हणाली. “आणि कशालाही हात लावू नका.”

“ही दोरीने बांधलेली बाटली कसली?”

“नेलपॉलिशची.”

“नटायला?”

“स्लाइडवरची पातळ काच कडेने बंद करायला,” ताई हसली नाही. “बिनरंगी आहे. तीच वापरायची. दोरी सोडून कुणी दुसरी आणली तर त्याला मी दोरीने बांधते.”

“दुसरीने काय बिघडतं?”

“रंगीत पॉलिश लेझरखाली स्वतःच पेटतं. डोळ्यांना पाण्यासारखं दिसणारं फिकट गुलाबीसुद्धा. इथे ट्रेनिंग घेतल्याशिवाय कुणी खुर्चीत बसत नाही, आणि पहिला धडा हाच असतो. काजवीला दिला. नवऱ्याला दोनदा दिला, तो पहिल्यांदा नापास झाला.”

“मुलगी कशी आहे?”

“हट्टी. एकाच जागेवर लेझर धरून बसते, एकेका थराचा फोटो काढत. त्या प्रसिद्ध फोटोच्या वेळी तर मी तिला चांगलं झापलं. चौकोन पाडलास म्हटलं.”

“कसला चौकोन?”

“लेझर जेवढी जागा पुन्हा पुन्हा झाडून काढतो, तेवढी जागा चौकोनी विझते. उन्हात नुसता हिरवा जातो, निळा चिवट असतो; पण लेझरखाली हिरवा जातो आणि निळाही जातो. इथे नुसतं बघणंसुद्धा जाळणंच असतं.” ताईने घड्याळाकडे पाहिलं. “झालं तुमचं?”

जावईबापूने बसायलाही सांगितलं नाही.

“तक्रार तुम्ही केलीत?”

“केली. पुन्हा करेन.”

“इतका कळवळा?”

“याच कामात मी उमेदीची वर्षं घातली. मला एक पेशी उगवलेली दिसली नाही. आणि कालच्या पोरीला रांगच्या रांग दिसते! मेलेलं परत उगवत नाही, बाई.”

“लेखी तक्रार करा असं कुणी सुचवलं?”

“सुचवायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?” तो उसळला. मग जरा खाली आला. “सर एवढंच म्हणाले की शंका मनात कुजवू नका, लिहून द्या. ते न्यायी आहेत.”

“तुमच्या स्लाइड्स तुम्हीच बनवता?”

“डाय मी लावतो. काप काढत नाही. हात थरथरतात माझे. माझेही काप तीच काढून द्यायची.” त्याने बाईंकडे रोखून पाहिलं. “हसू नका.”

“हसण्यासारखं असतं तर हसले असते,” बाई म्हणाल्या.

सरांनी मात्र खुर्ची ओढून दिली. कोपऱ्यातल्या छोट्या फ्रिजमधून पाणी काढलं, फ्रिजला पुन्हा किल्ली लावली आणि ती कोटाच्या खिशात टाकली.

“माझी औषधं असतात त्यात,” ते म्हणाले. “लोकांना दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये हात घालायची फार हौस.”

“काजवीबद्दल बोला.”

“माझ्या मुलीसारखी आहे हो! हुशार. पण घाई करते. घाबरली असेल बिचारी, म्हणून ठेवल्या उन्हात. मी तर समितीला सांगणार आहे, पोलिसांत देऊ नका, नुसती घरी पाठवा.”

“तिनेच ठेवल्या, असं ठरलंय तर.”

“दुसरं कोण ठेवणार?”

“तुम्ही स्वतः स्लाइड्स बनवता?”

सरांचा चेहरा उजळला. “बनवायचो! काप काढावा तर मी. आजही यंत्रावर बसलो तर या पोरांना खाली मान घालायला लावीन. पण आमचं सगळं साधं. साधा जांभळा रंग, खिडकीतल्या उजेडावर चालणारा मायक्रोस्कोप, आणि काच बंद करायला बायकोचं पळवलेलं नेलपॉलिश. हे लेझर-बिझर नव्हतं तेव्हा.”

“आता शिकलात की नाही?”

“कशाला? त्या अंधाऱ्या खोलीत मी कधी पाऊल टाकलेलं नाही. पोरं फोटो आणून दाखवतात, मी सही करतो.”

बाईंनी पाणी न पिताच पेला ठेवला. त्या परत ताईच्या खोलीत गेल्या, बूट बाहेर काढून.

“ज्या स्लाइडचा तो फोटो आहे, ती लावा.”

“हिरवं गेलंय. समितीने बघितलंय.”

“समितीने जे बघितलं नाही ते मला बघायचंय. निळं दाखवा.”

ताईने ओठ मुडपून स्लाइड लावली. पडद्यावर कानातल्या शंखाचे वेढे उमटले, निळ्या ठिपक्यांनी भरलेले. सगळीकडे सारखे, एकसारखे निळे. ताईने स्लाइड डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली. मग तिचा हात थांबला.

“आता खालच्या रांगेतली एखादी कंट्रोल.”

“कंट्रोल कुणी बघत नाही.”

“म्हणून तर.”

दुसरी स्लाइड लागली. वेढे तसेच निळे. “आता तुमचे सगळे लेझर एकेक करून फिरवा,” बाई म्हणाल्या. तिसरा लेझर लागला आणि पातळ काचेच्या कडेने नारिंगी-लाल रेघ पेटली, चारी बाजूंनी.

ताईने झटकन लेझर बंद केला.

“काय होतं ते?” बाईंनी विचारलं.

“तुम्हाला दिसलं ना? मग मला कशाला विचारता?” तिचा आवाज कडू झाला होता. उद्या सकाळी सगळ्यांनी इथे जमायचं, एवढा निरोप ठेवून बाई निघाल्या.

सकाळी ती खोली माणसांनी भरली. संचालक पडद्याजवळ, काजवी भिंतीला टेकून, जावईबापू हाताची घडी घालून. सर दाराशी स्टुलावर बसले, पडद्याकडे पाठ करून. अंधारात आपल्याला गुदमरतं, म्हणाले.

“गोदाम जाळणारा माणूस शहाणा असेल तर आधी माल हलवतो,” बाईंनी सुरुवात केली. “जागा रद्दीने भरतो आणि मग काडी लावतो. आम्ही राख चाळून आधी एकच गोष्ट बघायचो. जळालंय ते आधी होतं तेच का? इथेही मी तेच पाहिलं. ताई, प्रसिद्ध फोटोची स्लाइड लावा. फोटो काढताना तिच्यावर काय पडलं होतं?”

“चौकोन,” ताई म्हणाली. “निळ्यातसुद्धा.”

“दाखवा.”

“नाही आहे.”

“उन्हाने चौकोन भरून निघतो का?”

“नाही. उडालेला डाय परत येत नाही.”

“म्हणजे ही स्लाइड कधी लेझरखाली गेलेलीच नाही. नंबर तोच, पण स्लाइड ती नाही. निळा आहे, आणि हिरवा उडाला नाही, तो कधी नव्हताच. काजवी, अशा स्लाइड्स तुमच्याकडे असतात का?”

काजवी भिंतीपासून सुटली. “कंट्रोल! या माझ्या कंट्रोल आहेत!”

“बरोबर. कुणीतरी खऱ्या स्लाइड्स उचलल्या. खालच्या रांगेतल्या कंट्रोल वर चढवल्या. टोकावरचा नंबर पेन्सिलचा असतो, खोडायला वेळ लागत नाही. मग खोका खिडकीत उघडा ठेवला, की डोकं चालवायचं कामच नको. सगळे म्हणणार, डाय उडाला.”

“मग हिनेच केलं असणार!” जावईबापू ओरडला. “खोटं लपवायला!”

“थांबा. कंट्रोल वर गेल्या, तर खालची रांग रिकामी पडली. ती भरायला नव्या कंट्रोल बनवाव्या लागल्या. कुठल्याही उंदराच्या कानाचे काप काढायचे, निळा डाय लावायचा, काच बंद करायची. काजवीने केलं असतं तर दोरीच्या बाटलीतलं पॉलिश लावलं असतं. ताई, खालची स्लाइड.”

पडद्यावर नारिंगी-लाल चौकट पेटली. संचालक पुढे वाकले.

“रंगीत पॉलिश,” बाई म्हणाल्या. “या खुर्चीत बसलेला कुणीही माणूस ते वापरणार नाही. ताई तर मुळीच नाही.” बाई जावईबापूकडे वळल्या. “ तुम्ही पहिल्यांदा नापास झालात, तरी दुसऱ्यांदा शिकलात. शिवाय तुम्हाला काप काढता येत नाहीत. उरतो कोण? ज्याच्या कापांना तोड नाही, ज्याच्या काळी बायकोचं पॉलिश चालायचं, आणि ज्याने या खोलीत कधी पाऊल टाकलेलं नाही. फिकट पॉलिश त्याला पाण्यासारखं वाटलं. लेझरखाली ते कसं ओरडतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

“काहीतरीच!” सर म्हणाले. “मी तिच्या बाजूने बोलतोय, आणि चोर मीच?”

“तुम्ही तिला घरी पाठवायच्या बाजूने बोलताय. स्लाइड्स नुसत्या नष्ट करायच्या असत्या तर खऱ्याच उन्हात ठेवल्या असत्या, एवढी मेहनत कोण करतं? वाचवल्यात, म्हणजे हव्या होत्या. हव्या असतील तर थंड आणि अंधाऱ्या जागी असणार. औषधांच्या फ्रिजची किल्ली द्या.”

सर हलले नाहीत. ताई उठली, बापासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

“बाबा, किल्ली.”

“अगं, तुझ्या संसारासाठीच केलं मी! याच्या हातून काही होत नाही. नोकरी जाईल याची. ती पोरगी गेली असती, वर्षभराने हेच काम याच्या नावावर...”

“किल्ली.”

त्यांनी दिली. औषधांच्या मागे काळ्या कागदात गुंडाळलेल्या स्लाइड्स होत्या. ताई त्या घेऊन येईपर्यंत खोलीत कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. जावईबापू तेवढा पुटपुटत होता.

“माझ्या नावावर? मला विचारलंत तरी का? मी खरंच समजत होतो की ती खोटी आहे!”

“खरंच समजत होतात, म्हणून मी आता तुमचे आभार मानू का?” काजवी म्हणाली.

ताईने लेझर अगदी मंद केला आणि एकदाच फिरवला. पडद्यावर हिरव्या पेशी उभ्या राहिल्या, रांगेने, आणि त्यांच्या बरोबर मधे काळा चौकोन. संचालकांनी काजवीचा फोटो शेजारी धरला. फोटो नेमका त्या चौकोनातला होता, कडेला कडा जुळत होती. कुणी शंका घ्यायला जागाच नव्हती. काजवीने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

ताईने लेझर बंद केला. पडदा काळा झाला.

“मला दिसलं नाही,” सर म्हणाले. ते उठून उभे राहिले होते, पण मधे संचालक होते. आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला होता. “मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही गं. जन्मभर या पेशींच्या मागे होतो. एकदाच लाव. एकदाच.”

ताईचा हात बटणाजवळ गेला आणि तिथेच राहिला. “पुन्हा लावलं की आणखी थोडं उडणार,” ती म्हणाली. बापाला नाही, काजवीला. “स्लाइड्स तुझ्या. तू सांग.”

काजवी उठली. तिने स्लाइड स्वतःच्या हाताने काढली, खोक्यात ठेवली आणि झाकण लावलं. मग तिने सरांकडे पाहिलं.

“फोटो बघा ना, सर. आता तर तो खरा आहे.”